घरातील फ्लश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदनिकेत किंवा स्वतंत्र घरात राहणाऱ्यांना कमोड, इंडियन पॅन, फ्लशची टाकी आणि त्यापुढील नळजोडण्या यांविषयी नेहमी पडणाऱ्या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या कामांसाठी प्लंबर बोलवावाच लागतो, तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

फ्लशचे बटण दाबल्यावर नेमके काय घडते?

टाकीच्या तळाशी एक रबरी सील असते. बटण दाबताच ते उचलले जाते आणि टाकीतील ६ ते १० लिटर पाणी अवघ्या काही सेकंदांत भांड्यात उतरते. मैला पुढे ढकलला जातो तो पाण्याच्या वेगामुळे. तेवढेच पाणी नळाच्या धारेने हळूहळू सोडले, तर ते मैल्याच्या बाजूने निघून जाते आणि मैला जागच्या जागी राहतो. फ्लशविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत असते, त्यामुळे पुढील अनेक उत्तरांमध्ये तिचा उल्लेख पुन्हा येईल.

आपल्याकडील बहुतेक कमोडमध्ये पाणी वरून येऊन मैल्याला सरळ पुढे लोटते. काही कमोडची मागची वाट अरुंद आणि वळणावळणाची असते. ती पाण्याने पूर्ण भरली की, डब्यातून रॉकेल काढण्यासाठी लावलेली नळी जशी आपोआप ओढू लागते, तसे भांड्यातील सर्व काही खेचले जाते. या दुसऱ्या प्रकाराला सायफन पद्धतीचा कमोड म्हणतात. त्याच्या भांड्यात पाणी अधिक दिसते आणि अरुंद वाटेमुळे तो तुंबण्याचा संभवही अधिक असतो.

कमोडच्या तळाशी नेहमी थोडे पाणी का राहते? ते काढून टाकावे का?

ते पाणी मुळीच काढू नये, कारण घर आणि गटार यांच्यामध्ये त्याच्याशिवाय दुसरे कोणतेही दार नाही. भांड्यामागील नळी वळवलेली असते आणि त्या वळणात साधारण ५० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर अडून राहतो. मलवाहिनीतील वायू, दुर्गंधी, झुरळे आणि डास या थरापलीकडून घरात येऊ शकत नाहीत. ग्रामीण भागातील शौचालयांना सरकारी कागदपत्रांत जलबंद शौचालय म्हणतात, तेही याच कारणाने.

इंग्लंडमध्ये सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ मध्ये पाणी सोडून धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे वर्णन प्रसिद्ध केले होते, परंतु त्यात असे वळण नसल्यामुळे खालची दुर्गंधी वर येण्यास अटकाव नव्हता. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये वळणदार नळीसह पेटंट घेतले आणि त्यानंतर शौचालय घराच्या आत आणण्यासारखे झाले. टॉमस क्रॅपर यांनी फ्लशचा शोध लावला, ही सांगोवांगीची गोष्ट आहे. ते एकोणिसाव्या शतकातील लंडनचे यशस्वी उत्पादक व विक्रेते होते. शोध त्यांच्या जन्माच्या बराच आधीचा आहे.

हाच जलबंद न्हाणीघरातील नहाणी ट्रॅपमध्येही, म्हणजे लादीवरील जाळीखालच्या वळणदार नळीतही, असतो आणि त्याकडे मात्र कोणाचेही लक्ष जात नाही. मे महिन्यात गावी जाऊन परतल्यावर बंद घरात जी दुर्गंधी येते, ती बहुधा ट्रॅपमधील पाणी सुकल्यामुळे येते. अशा वेळी कमोड आणि प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी ओतले की पुरते. घर बरेच दिवस बंद राहणार असेल, तर निघताना ट्रॅपमध्ये पाण्यावर थोडे खाद्यतेल सोडावे, म्हणजे बाष्पीभवन मंदावते. याकडे होणारे दुर्लक्ष किती महाग पडू शकते, हे हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ मध्ये दिसले. तेथे सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. चौकशीत पुढे आलेल्या कारणांमध्ये न्हाणीघरांतील सुकलेले ट्रॅप हे एक प्रमुख कारण होते: एक्झॉस्ट पंख्यांच्या ओढीमुळे मलवाहिनीतील दूषित तुषार त्यांतून घरांत आले, असा निष्कर्ष काढण्यात आला.

एका फ्लशला किती पाणी लागते?

जुन्या टाक्या १० लिटरच्या किंवा त्याहून मोठ्या असतात. सध्या विकल्या जाणाऱ्या दोन बटणांच्या टाक्यांमध्ये पूर्ण फ्लशला सुमारे ६ आणि अर्ध्या फ्लशला सुमारे ३ लिटर पाणी जाते. अमेरिकेत १९९२ च्या ऊर्जा कायद्याने नव्या कमोडसाठी सुमारे ६ लिटरची कमाल मर्यादा घातली आणि तेव्हापासून कमी पाण्यात साफ होणारी भांडी बनवण्याकडे उत्पादकांना लक्ष द्यावे लागले. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे दरडोई दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरतात आणि त्यातील ४५ लिटर, म्हणजे एक तृतीयांश, फ्लशसाठी धरण्याची पद्धत आहे.

चार माणसांच्या घराचा हिशेब मांडून पाहू. प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा फ्लश केला, तर १० लिटरच्या टाकीने २०० लिटर पाणी जाते. त्याच घरात ६ आणि ३ लिटरची टाकी असेल आणि प्रत्येकाने एकदा पूर्ण व चार वेळा अर्धा फ्लश वापरला, तर ७२ लिटर पुरतात. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीने नळाला फेसाळ धारेच्या जाळ्या बसवण्याआधी टाक्या बदलण्याचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोन बटणांपैकी कोणते कधी दाबावे?

लहान बटण लघवीनंतर, मोठे बटण शौचानंतर. गोल बटणाचे दोन भाग असतील, तर आकाराने मोठा भाग पूर्ण फ्लशचा असतो. दोन्ही बटणे एकदम दाबल्याने जोर वाढत नाही. पूर्ण फ्लशइतकेच पाणी जाते. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील कॅरोमा कंपनीने १९८० च्या सुमारास बाजारात आणली, तेव्हा तिचे माप ११ आणि साडेपाच लिटर होते. नंतर भांड्याचा आकार सुधारत गेला तसे पाणी कमी करता आले. यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी की टाकी आणि भांडे एकमेकांना जुळणारे असावे लागतात. दहा लिटरसाठी बनवलेल्या जुन्या भांड्याला नवी सहा लिटरची टाकी जोडली, तर दोनदा फ्लश करावा लागतो आणि बचत शून्य होते.

पाणी वाचवण्यासाठी टाकीत वीट किंवा भरलेली बाटली ठेवावी का?

वीट ठेवू नये. ती पाण्यात झिजते, आणि तिचा चुरा सीलखाली अडकून गळती सुरू होते. जुन्या मोठ्या टाकीत पाण्याने भरलेली एक लिटरची घट्ट झाकणाची बाटली, फ्लोटच्या हालचालीत येणार नाही अशी ठेवता येते. सहा लिटरच्या टाकीत मात्र तीही नको.

टाकी गळते आहे हे कसे ओळखावे?

रात्री सर्व शांत असताना टाकी भरल्याचा आवाज मध्येच, कोणीही फ्लश न करता, येत असेल, तर ती गळते आहे. कमोडच्या मागच्या भिंतीवर पाण्याची बारीक, हलणारी रेघ दिसणे हे दुसरे लक्षण. बोअरचे पाणी असेल, तर त्याच जागी पांढरट किंवा तांबूस पट्टा उमटतो आणि तो घासूनही पुन्हा येतो.

खात्री करून घेण्यासाठी टाकीच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यातील पाण्यात रंग उतरला, तर तळाचे सील बिघडले आहे. रंग उतरला नाही, तरी टाकीचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी; ती ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत आली असेल, तर बॉलकॉक पाणी वेळेवर बंद करत नाही आणि जादा पाणी त्या नळीवाटे भांड्यात वाहून जाते. सील बदलणे आणि बॉलकॉकची पातळी नळीच्या तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर आणणे, ही दोन्ही कामे सामान्य माणसाला उघड्या टाकीत स्वतः करता येतात. त्याआधी भिंतीजवळील अँगल कॉक बंद करावा. भिंतीत बसवलेल्या टाकीचे काम बटणाच्या चौकटीतून करावे लागते आणि तेथे अनुभवी प्लंबरच बरा.

ही गळती क्षुल्लक समजली जाते, म्हणून तिचाही हिशेब देत आहोत. दहा मिनिटांत एक लिटर एवढी बारीक धार दिवसाला १४४ लिटर पाणी घालवते. वीस सदनिकांच्या इमारतीत अशा पाच टाक्या असल्या, तर दर दोन आठवड्यांना दहा हजार लिटरचा एक टँकर कोणाच्याही उपयोगी न पडता थेट गटारात जातो, आणि त्याचे पैसे मात्र सर्वजण भरतात.

फ्लशला जोर राहिलेला नाही. कमोड बदलावा लागेल का?

बहुधा नाही. सर्वप्रथम टाकी पूर्ण भरते का, ते पाहावे. ती भरत असेल, तर भांड्याच्या कडेखालील छिद्रे तपासावीत. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातील क्षार त्यांत साचत जातात आणि पाणी सर्व बाजूंनी एकदम उतरण्याऐवजी दोन-तीन ठिकाणांहून रडतखडत येते. लहान आरसा कडेखाली धरला की बुजलेली छिद्रे दिसतात. तेथे सायट्रिक ॲसिडचे, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या लिंबूफुलाचे, कोमट पाण्यातील दाट द्रावण लावून काही तास ठेवावे आणि मग जुन्या टूथब्रशने घासावे.

घरात टाकीऐवजी भिंतीतील फ्लश व्हॉल्व असेल, तर प्रश्न वेगळा आहे. टाकी स्वतःचा साठा घेऊन बसलेली असते, त्यामुळे नळाला दाब कमी असला तरी ती सावकाश भरते आणि फ्लश पूर्ण जोराने होतो. व्हॉल्वला मात्र त्या क्षणी जाड नळीतून भरपूर दाबाने पाणी मिळावे लागते. गच्चीवरील टाकीपासून सर्वांत वरच्या मजल्याचे अंतर कमी असल्याने दाब तेथेच सर्वांत कमी असतो. म्हणून एकाच बनावटीचा व्हॉल्व दुसऱ्या मजल्यावर उत्तम चालतो आणि सातव्यावर नुसता फुसफुसतो. अशा घरी व्हॉल्व बदलत बसण्यापेक्षा टाकी बसवावी, किंवा सोसायटीने वरच्या दोन मजल्यांसाठी दाब वाढवणारा पंप बसवावा.

पाणी आलेले नसताना बादलीने ओतलेले पाणी चालते का?

चालते, मात्र ते एका दमात ओतावे लागते. कमोडसाठी साधारण अर्धी बादली, कंबरेच्या उंचीवरून, भांड्याच्या मध्यभागी न थांबता ओतावी. मगाने थोडे थोडे पाणी टाकल्यास दोन बादल्याही पुरत नाहीत.

इंडियन पॅनला याहून पुष्कळ कमी पाणी लागते, विशेषतः ग्रामीण शौचालयाच्या पॅनला. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या सुलभ संस्थेने दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा देशभर प्रसार केला. त्याचे भांडे मुद्दाम अधिक उताराचे आणि जलबंद अवघा २० मिलिमीटरचा ठेवलेला असल्यामुळे दीड ते दोन लिटर पाण्यात काम होते. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिल्यातील मैल्याचे दरम्यानच्या काळात निर्धोक खत होऊ द्यायचे, ही त्यामागील कल्पना. महाराष्ट्रात हे काम आणखी जुने आहे. अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करणाऱ्या शौचालयाचे प्रयोग केले, तर देहू येथे डॉ. सुहास मापुस्कर यांनी शौचालयांना जोडलेली बायोगॅस संयंत्रे घरोघर उभी केली. मापुस्कर यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. बटण दाबून दहा लिटर पिण्यायोग्य पाणी सोडणाऱ्या शहरी घरांना या मंडळींकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

फ्लशमध्ये काय काय टाकलेले चालते?

मलमूत्र, पाणी आणि पाण्यात विरघळणारा टॉयलेट पेपर, एवढेच. सॅनिटरी पॅड, डायपर, कापूस, केस, निरोध, सिगारेटची थोटके, उरलेले अन्न आणि खराब झालेले तेल यांपैकी काहीही टाकू नये. ओल्या वाइप्सच्या पाकिटावर फ्लश करता येतात असे छापलेले असले, तरी त्या कागदाप्रमाणे सुटत नाहीत. टिश्यू पेपरही नको. तो ओला होऊन फाटू नये, अशाच हेतूने बनवलेला असतो. तेल आणि वाइप्स एकत्र आल्यावर काय होते, ते लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये दिसले: भूमिगत वाहिनीत सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा चरबीचा घट्ट गोळा सापडला आणि तो फोडून काढण्यास कित्येक आठवडे लागले.

पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, ओळखता येतील अशी खूण करून, वेगळे द्यावेत. पुण्यात स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने त्यासाठी पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली आहे. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या व्यक्तीला आत काय आहे हे उघडण्याआधी कळते, एवढा साधा फायदा त्यात आहे. मुदत संपलेली औषधेही फ्लश करू नयेत. मैलापाणी शुद्धीकरणात ती पूर्णपणे निघत नाहीत.

कमोड तुंबला तर प्रथम काय करावे?

पुन्हा फ्लश करू नये. लोक हीच चूक करतात आणि मग पाणी लादीवर येते. थोडा वेळ थांबून पातळी उतरू द्यावी. त्यानंतर रबरी पंप वाटेच्या तोंडावर घट्ट बसवून दहा-बारा वेळा दाबून ओढावा. पंपाची कड पाण्यात बुडालेली असावी, नाहीतर हवा दाबली जाते आणि जोर वाया जातो. तार किंवा सळई घालताना भांड्याचा आतील थर खरवडला जातो, म्हणून ती शेवटी.

केवळ कमोड तुंबला आहे की न्हाणीघराच्या ट्रॅपमधूनही पाणी वर येत आहे, हे पाहणे महत्त्वाचे आहे. दुसरी स्थिती असेल, तर अडथळा घराबाहेरच्या वाहिनीत किंवा चेंबरमध्ये आहे आणि तळमजल्यावरील घरांना त्याचा त्रास आधी होतो. तेव्हा वरच्या सर्व मजल्यांना पाणी वापरणे थांबवण्यास सांगून सोसायटीने जेटिंग यंत्र, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वाहिनी मोकळी करणारे यंत्र, मागवावे.

टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र वापरले तर अधिक स्वच्छ होते का?

हे कधीही करू नये. कमोडवरील डाग काढणाऱ्या बहुतेक द्रवांमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी नसलेल्या लहान शौचालयात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. एक वापरून झाल्यावर दोन-तीनदा फ्लश करून, शक्यतो दुसऱ्या दिवशी, दुसरे वापरावे. चुकून मिश्रण झालेच, तर झाकण्याचा किंवा धुण्याचा प्रयत्न न करता लगेच बाहेर पडावे, दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. टाकीत सोडण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या याहून सौम्य असल्या, तरी त्या रबरी सील लवकर खराब करतात.

फ्लश करताना झाकण बंद करावे, असे म्हणतात. ते खरे आहे का?

काही अंशी खरे आहे. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या अभियंत्यांनी २०२२ मध्ये हिरव्या लेझरच्या प्रकाशात दाखवले की झाकण नसलेल्या सार्वजनिक कमोडमधून फ्लशबरोबर उडालेले सूक्ष्म तुषार आठ सेकंदांत दीड मीटर उंचीपर्यंत जातात. त्या कमोडचा फ्लश जोरदार दाबाचा होता, घरातील टाकीचा तसा नसतो. झाकण बंद केल्याने मोठे थेंब अडतात. अतिसूक्ष्म कण मात्र झाकण आणि भांडे यांमधील फटीतून निघतात. २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या अभ्यासात झाकण उघडे असो वा बंद, आसपासच्या पृष्ठभागांवरील विषाणूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि निर्जंतुकाने भांडे घासल्यावर मात्र ते घटले. तेव्हा झाकण बंद करावे, दात घासण्याचे ब्रश कमोडशेजारी उघडे ठेवू नयेत आणि घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील, तर कमोड रोज निर्जंतुक करावा.

वरच्या घरात फ्लश केला की आमच्या शौचालयात गुडगुड आवाज येतो. का?

उभ्या मलवाहिनीतून पाणी वेगाने खाली जाताना आपल्यामागे हवा ओढते. ती हवा गच्चीवर उघडणाऱ्या व्हेंट पाइपमधून यायला हवी. पाइप बुजलेला असेल, कोणी दुरुस्तीच्या वेळी त्याचे तोंड बंद केले असेल किंवा तो मुळातच बसवलेला नसेल, तर हवा आपल्या जलबंदातून ओढली जाते. तोच तो आवाज. असे वारंवार झाल्यास जलबंद रिकामा होतो आणि दुर्गंधी सुरू होते. म्हणजे हे काम आपल्या घरातील नसून सोसायटीचे आहे. सेप्टिक टाकीच्या व्हेंटला बारीक जाळी बांधलेली आहे का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे, कारण क्युलेक्स जातीचे डास तेथे मोठ्या प्रमाणावर वाढतात.

फ्लश केलेले पुढे जाते कुठे?

हे घर कोठे आहे, यावर अवलंबून आहे. मुंबईत ते भूमिगत वाहिन्यांतून उदंचन केंद्रांकडे, म्हणजे मैलापाणी उपसणाऱ्या पंपांच्या केंद्रांकडे, जाते. वरळी आणि वांद्रे येथून प्राथमिक प्रक्रियेनंतर समुद्रात तीन किलोमीटरहून अधिक लांब गेलेल्या बोगद्यांवाटे ते सोडले जाते. जेथे मलवाहिनी नाही, तेथे सेप्टिक टाकी असते, आणि कोकणात व गोव्यात आजही अनेक घरांची हीच व्यवस्था आहे. टाकीत जड भाग तळाशी बसतो, ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू त्याचे विघटन करतात आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. हे पाणी स्वच्छ नसते. जांभ्या दगडाच्या प्रदेशात ते लवकर झिरपते, म्हणून शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत १५ ते १८ मीटर तरी अंतर राखावे. शेजाऱ्याची विहीरही मोजावी.

टाकीचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढावा. ती कधीच भरत नाही असे अभिमानाने सांगणाऱ्यांची टाकी बहुधा तळातून झिरपत असते. आम्ल किंवा ब्लीच भरपूर ओतल्यास जिवाणू मरतात, त्यामुळे सेप्टिक टाकी असलेल्या घरी ते बेतानेच वापरावे. बाजारात मिळणारी जिवाणूंची पाकिटे नीट बांधलेल्या टाकीला लागत नाहीत.

गाळ यंत्रानेच काढावा. टाकीत माणसाला उतरवू नये, आणि तो स्वतःहून तयार असला तरी उतरू देऊ नये. आतील हायड्रोजन सल्फाइड वायू दोन श्वासांत शुद्ध हरपवू शकतो. पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही त्यातच सापडतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना गटार व सेप्टिक टाकीची सफाई करवून घेणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. हजार-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी सक्शन गाडीऐवजी माणूस बोलावणाऱ्या सोसायट्या अजूनही आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

नव्या संकुलात फ्लशला पिवळसर पाणी येते. ते अपायकारक आहे का?

मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र उभारावे लागते आणि तेथील प्रक्रिया केलेले पाणी वेगळ्या नळीने फ्लशसाठी व बागेसाठी दिले जाते. किंचित रंग असणे स्वाभाविक आहे. उग्र वास, फेस किंवा गाळ असणे नाही. तसे आढळल्यास समितीकडून पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागावेत. जेट स्प्रेची जोडणी मात्र या नळीवर नसून स्वच्छ पाण्याच्या नळीवर आहे, याची खात्री स्वतः करून घ्यावी. दुरुस्तीच्या वेळी या दोन नळ्यांची अदलाबदल होऊ शकते.

मुंबईसारख्या शहरात फ्लशला समुद्राचे पाणी का वापरत नाहीत?

हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते वापरले जाते आणि तेथील सुमारे ८० टक्के लोकसंख्येला त्याचा पुरवठा होतो. त्यासाठी प्रत्येक इमारतीत स्वतंत्र नळ्या आणि टाक्या, खाऱ्या पाण्याने न गंजणारे साहित्य आणि त्या क्षाराला तोंड देणारी शुद्धीकरण केंद्रे लागतात. उभ्या असलेल्या जुन्या शहरात हे सर्व नव्याने घालण्यापेक्षा मैलापाण्याचा पुनर्वापर स्वस्त पडतो.

आमच्या शौचालयातून खालच्या घरात पाणी झिरपते. खर्च कोणाचा?

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, मोरी यांमुळे सदनिकेच्या आतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती त्या सदस्याने स्वखर्चाने करायची असते. सामायिक उभ्या वाहिन्या आणि गच्चीतून होणारी पावसाची गळती ही संस्थेची जबाबदारी आहे. वाद टाळण्यासाठी लाद्या फोडण्याआधी गळती नेमकी कोठून आहे ते ठरवावे: कमोडचा वापर दोन दिवस थांबवून फक्त न्हाणीघर वापरावे, मग उलट करावे, आणि खालच्या छतावरील ओल कधी वाढते ते पाहावे.

विमानात इतका मोठा आवाज आणि इतके थोडे पाणी कसे?

तेथे पाण्याऐवजी हवेची ओढ काम करते. झडप उघडताच कमी दाबाच्या टाकीकडे सर्व काही खेचले जाते आणि पाणी केवळ भांडे ओले करण्यापुरते लागते. आपल्या रेल्वेतील जैव शौचालये वेगळी: डब्याखालील टाकीत जिवाणू मैल्याचे विघटन करतात. त्यांत बाटली, गुटख्याचे पाकीट किंवा कापड पडले, की टाकीची वाट बंद होते आणि पुढील स्थानकापर्यंत सर्वांनाच ते भोगावे लागते.

कमोड बदलताना दुकानात जाण्यापूर्वी काय मोजावे?

दोन गोष्टी. पहिली, मैला बाहेर नेणारी नळी लादीतून खाली जाते की भिंतीतून मागे; लादीतील नळीला एस ट्रॅपचा आणि भिंतीतील नळीला पी ट्रॅपचा कमोड लागतो. दुसरी, लादीतील नळी असेल तर तिच्या मध्यबिंदूपासून भिंतीपर्यंतचे अंतर, आणि भिंतीतील असेल तर लादीपासून तिच्या मध्यापर्यंतची उंची. हे माप टाइल्स बसल्यानंतरच्या पृष्ठभागापासून घ्यावे. टाइल्स अजून बसायच्या असतील, तर त्यांची आणि सिमेंटच्या थराची मिळून जाडी त्यातून वजा करावी.